शनिवारचा साबण

लडलो, श्रॉपशर
६ नोव्हेंबर १९७८

सिगर्ड, म्हाताऱ्या,

सोबतचं पुडकं उघडण्याआधी हात धू. खेकड्यांच्या वासाच्या हातानं उघडलंस तर आपली मैत्री संपली म्हणून समज.

शेजारच्या गावातलं जुनं औषधांचं दुकान बंद होतंय. मालकीणबाईंनी मला भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला बोलावलं होतं. मी घड्याळ कमी बघितलं आणि माळा जास्त. तिथे काय सापडावं! पहिल्या महायुद्धातला खोका, सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नाही. आत लाकडी वाटीत दाढीच्या साबणाची अख्खी वडी आणि दोन ब्रश. सैनिकांसाठी काढलेला माल असणार. साठ वर्षं त्या वडीला कुणाचं बोट लागलेलं नाही, सिगर्ड! वर पिवळी कडक साय धरली होती. ती खरवडली तर खाली लोण्यासारखी पांढरी वडी आणि कडू बदामाचा वास. मी तिथेच जिन्यावर बसून राहिलो. हेस्टर म्हणते, आई गेली तेव्हाही बाबा एवढे गप्प झाले नव्हते. पोरीची जीभ तिच्या आईवर गेली आहे.

आता ब्रशाबद्दल. बॅजरचे आहेत, त्या पट्टेरी जनावराच्या अस्सल केसांचे, मी पैजेवर सांगतो. टोकं फिकी, मध्ये काळा पट्टा, बुडाशी पुन्हा फिकं. इतकी वर्षं हे बघण्यात घालवली, मला कोण फसवणार? उकळत्या पाण्यात मात्र बुडवू नकोस. जुन्या ब्रशाचा डिंक सुटतो आणि हातात नुसते केस येतात. मी कोमट पाण्यातून काढले, तेवढं पुरे. एका खोक्यातला साबण आणि ब्रश पहिल्या दाढीला वेगळे करायचे नाहीत, हा आपला जुना नियम. म्हणून अर्धी वडी आणि एक ब्रश तुला.

बाकी नियम तोच. शनिवारी सकाळी तू तिथे, मी इथे, एकच साबण. मग फेसाबद्दल सविस्तर लिहायचं. दुसऱ्या महायुद्धात त्या सुरुंग काढणाऱ्या बोटीवर आपण एका वाटीत ब्रश बुडवायचो, आठवतं? बाहेर समुद्र पेटलेला आणि तू म्हणायचास, मरायचं तर गुळगुळीत मरू. तुझी जेसी गेल्यावर तू दाढी वाढवून खिडकीत बसलास हे कळलं, तेव्हापासून मी हे साबण पाठवतोय. शनिवारी सकाळी तू आरशासमोर उभा आहेस, एवढं मला इथे कळलं की माझा आठवडा बरा जातो.

विल्फ्रेड

*

लडलो
१६ नोव्हेंबर

सिगर्ड,

तुझं पत्र नाही. तुमच्या बेटाची बोट अडकली असेल. मला मात्र दम निघाला नाही. अकरा तारखेला मी एकट्यानंच उद्घाटन केलं. रागावू नकोस.

काय फेस, राजा! दाट, जड, गालावर बसला की हलायचं नाव नाही. आजकालची पोरं डब्याचं बटण दाबून गालावर हवा फासतात, त्यांना हे कळणार नाही. चरबीचा साबण तो चरबीचा साबण.

एक गंमत. जबड्याखाली एक पुळी आली आहे. आधी नुसती खाजली. मला वाटलं केस आत वळला. आता तिच्याभोवती फोड धरलेत आणि मधलं तोंड काळसर दिसतंय. दुखत अजिबात नाही, तेच जरा विचित्र वाटतं. दाबलं तरी काही नाही, जणू दुसऱ्याचीच कातडी. हेस्टरनं डॉक्टर, डॉक्टर म्हणून डोकं खाल्लंय. म्हटलं, पुळीसाठी डॉक्टरकडे गेलो तर तो मलाच मलम समजून फासेल.

तुला काही आलंय का? सहज विचारतोय.

विल्फ्रेड

*

वेस्ट्रे, ऑर्कनी
२० नोव्हेंबर

विल्फ्रेड,

तुझं पुडकं आणि तुझी पुळी एकाच बोटीनं आली. वाऱ्यानं आठवडाभर काही चाललं नव्हतं. शनिवारी, अठरा तारखेला, शुभारंभ केला.

फेस उत्तम. तू म्हणतोस तसाच जड. पहिल्या हाताला जरा कोरडा वाटला, मग थोडं पाणी घातलं आणि उघडला. पाण्यात मीठ असलं तरी फाटत नाही, ही त्याची खुबी. वस्तरा हनुवटीखाली अडतो तिथेसुद्धा सरकन गेला. बदामाचा वास दुपारपर्यंत टिकला. ब्रश जरा टोचरा आहे, पण जोर धरतो.

पुळीचं म्हणशील तर या वयात तोंडावर पुळ्या येतात म्हणजे कुणी बाई बघून ठेवली असशील. मला काही नाही. माझा चेहरा जसा होता तसाच आहे.

इकडे शेजारच्या अर्लंड ड्रेव्हरची मुलगी आता बसायला लागली. इंगा नाव ठेवलंय. अर्लंड लॉबस्टरचे सापळे ओढून आला की तिला खांद्यावर घालून माझ्याकडे येतो. माझ्या उजव्या कानाशी ओरडून बोलतो. इंजिनरूमनं माझे कान खाल्ले ते खाल्लेच, पण हा पोरगा ओरडतो म्हणून अर्धं तरी समजतं. उरलेल्या अर्ध्याला मी मान हलवतो. चालतं.

डॉक्टरला दाखव. हेस्टरचं ऐक.

सिगर्ड

*

तार. लडलोहून, २३ नोव्हेंबर
वडील इस्पितळात. साबण ब्रश वापरू नका. दोन्ही बाजूला ठेवा. तब्येत कळवा. हेस्टर

तार. वेस्ट्रेहून, २३ नोव्हेंबर
मी ठणठणीत. चेहऱ्यावर ओरखडा नाही. विल्फ्रेडला सांभाळ. सिगर्ड

*

लडलो
२४ नोव्हेंबर

सिगर्डकाका,

तुमची तार आली आणि मी जिन्यातच बसले. काल तुम्हाला पुरतं लिहिता आलं नाही, कारण तोवर डॉक्टरांचा नुसता संशय होता. आज खात्री झाली.

बाबांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, झाली आहे. गुरांना होते तीच, फाशी म्हणतात ती. सोमवारी त्यांची मान छातीपर्यंत सुजली. पुळीचं काळंकुट्ट खपलीसारखं झालं होतं. ताप इतका, की मला आईच्या नावानं हाका मारत होते. डॉक्टरांनी विचारलं, गुरंढोरं, लोकर, कातडी, कशाशी संबंध? मी म्हटलं, छे, यांचा संबंध फक्त घड्याळांशी आणि साबणांशी. तेव्हा ते एकदम थांबले आणि म्हणाले, ब्रश आणा.

ते बॅजरचे केस नाहीत, काका. घोड्याचे आहेत. युद्धात बॅजरचे केस मिळेनात, तेव्हा घोड्याच्या केसांना रंग देऊन तसे पट्टे काढायचे. केस नीट धुतले-उकळले गेले नसले तर रोगाचं बीज त्यात सुकून राहतं. साठ वर्षांनीसुद्धा ते मेलेलं नसतं. त्या काळी कितीतरी सैनिक दाढी करून मेले म्हणे. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मी पट्टा ओळखायला चुकलो?" आणि मग रडले. सिगर्डला मी मारलं, सिगर्डला मी मारलं, एवढंच म्हणत राहिले. तुमची तार वाचून दाखवली तेव्हा कुठे झोपले.

पेनिसिलिननं उतार आहे. वाचतील म्हणतात.

ब्रश आणि साबण हातानं उचलू नका, तिथल्या डॉक्टरांच्या ताब्यात द्या. आणखी एक. डॉक्टर चकित झालेत. त्याच ब्रशानं, त्याच साबणानं दाढी करून तुम्हाला काहीच कसं झालं नाही? बाबाही तेच विचारतात. त्यांना हे लिहून कळवा, म्हणजे त्यांच्या जिवाला स्वस्थता येईल.

तुमची हेस्टर

*

कर्कवॉल, इस्पितळाच्या ओसरीवरून
२९ नोव्हेंबर

विल्फ्रेड,

मला काही झालं नाही, कारण मी दाढी केलेली नाही.

हा साबण नाही, याआधीचा नाही, त्याआधीचाही नाही. जेसी गेल्यापासून एकही नाही. आरसा भिंतीकडे तोंड करून आहे. दाढी केली की ती हाताच्या पालथ्या बाजूनं गाल बघायची आणि म्हणायची, इथे राहिलं. आता ते कोण म्हणणार? दाढी माझ्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत आली आहे. तुझी पत्रं यायची, शनिवारी तुला म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून मी तुझे सगळे साबण अर्लंडला द्यायचो. तो दाढी करायचा, मला ओरडून फेस कसा होता ते सांगायचा, मी ते तुला लिहायचो. खाऱ्या पाण्यात फाटत नाही, हे त्याचे शब्द. तू खूश, तो खूश. मला त्यात पाप दिसलं नाही.

हा साबण तर त्याला इतका आवडला की शनिवारची वाट बघेना. रोज करायला लागला.

हेस्टरची तार आली, तेव्हा मला वाटलं साबणानं तुझी कातडी उठली असेल. दुसऱ्या दिवशी अर्लंडकडे गेलो. जिभेवर खरं येईना. म्हटलं, विल्फ्रेडला तो साबण परत हवाय. त्यानं दोन्ही वस्तू गुंडाळून दिल्या. गळ्याला मफलर होता. तो काहीतरी बोलला, दोनदा बोलला. वारा होता. मी हसलो आणि मान हलवली.

काय बोलला ते परवा त्याच्या बायकोनं, रूबीनं, मला कागदावर लिहून दाखवलं. तो म्हणाला होता, "काका, मानेवर काहीतरी काळं आलंय, दुखत नाही. साबणानं असेल ना? जाईल ना आपोआप?"

मी हसून मान हलवली, विल्फ्रेड. माझ्या त्या मानेवर विश्वास ठेवून तो पोरगा तीन दिवस समुद्रावर गेला.

हेस्टरचं पत्र सोमवारी सकाळी हातात पडलं. वाचून संपवलं. तसाच धावलो. अर्लंड खाटेवर होता. मफलर काढला होता. मान आणि जबडा यांत फरक उरला नव्हता आणि मधोमध ते होतं, कोळशाचा तुकडा रुतल्यासारखं. रूबी गरम पोटिसं लावत होती. गळू समजली होती. मी पत्र तिच्यापुढे धरलं. ती वाचत गेली आणि तिचे हात हळूहळू थांबले. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की टॉर्पेडो आला त्या रात्रीसुद्धा मी एवढा भ्यालो नव्हतो.

बेटावरचे डॉक्टर आले, सुई टोचली, म्हणाले, सूज श्वासाच्या नळीवर चढते आहे, इथे ठेवता येणार नाही. वाऱ्यात विमान उतरेना. जीवरक्षक बोट बोलावली. डॉक्टरांनी रूबीला विचारलं, घरात आणखी कुणी या साबणानं दाढी केली का? ती म्हणाली, नाही. खरंच होतं. घरात दुसरं दाढी करणारं होतं कोण?

धक्क्यावर चौघांनी अर्लंडला स्ट्रेचरवरून बोटीत घातलं. डॉक्टर त्याच्याबरोबर खाली उतरले. लाटा धक्क्याच्या वर येत होत्या. मीही जायला निघालो. रूबी पोरीला छातीशी धरून काठावर उभी. नवऱ्याबरोबर जायची तिची तडफड चालली होती, पण अशा समुद्रात तान्हं कसं न्यायचं म्हणून तिनं थांबायचं ठरवलं होतं. दोर सोडायची वेळ झाली आणि ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले.

मला वाटलं, म्हणत असेल, त्यांच्याजवळ राहा. अशा वेळी बायको दुसरं काय म्हणणार? माझी मान हलायला लागलीसुद्धा होती. मी ती धरली. खरंच सांगतो, हातानं धरल्यासारखी धरली. तिच्या तोंडाशी कान नेला आणि म्हटलं, "रूबी, मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

ती माझ्या कानात किंचाळली, "गेल्या आठवड्यात दाढी करताना त्यांनी हिच्या गालाला फेस लावला होता! खेळताना! त्यानं काही होणार नाही ना?"

विल्फ्रेड, मी त्या प्रश्नाला हो म्हणून मान हलवणार होतो.

मी पोरीला तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच आणि खाली डॉक्टरांच्या अंगावर ओरडलो. इतका ओरडलो की बोटीवरचे सगळे वर बघायला लागले. दोघींना खाली घेतलं. पोर सगळ्या वाटेत रडत होती म्हणे. मला फक्त तिचं उघडं तोंड दिसत होतं.

काल दुपारी इंगाच्या गालावर लाल ठिपका उठला. राईएवढा. तोवर तिला सुया सुरू झाल्या होत्या. डॉक्टर पाटीवर लिहून देतात, लवकर आलात. अर्लंडबद्दल काही लिहून देत नाहीत. त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे. रूबी दोन खाटांच्या मध्ये बसून आहे. मी आत गेलो की तोंड फिरवते. म्हणून मी बाहेर ओसरीवर बसतो.

मी देवाला मानत नाही, तुला माहीत आहे. तरी इथे बसून कुणाशी तरी बोलतोय. मला भीती वाटते, विल्फ्रेड. बोटीवर भीती वाटायची ती आपल्या जिवाची होती. ही फार वाईट आहे.

सिगर्ड

*

लडलो, इस्पितळ
४ डिसेंबर

सिगर्ड,

हात थरथरतो म्हणून हेस्टर लिहिते आहे, शब्द माझे.

तुझं पत्र तिनं मला द्यायला नको होतं असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, आता या घरात कुणी कुणाला बरं वाटावं म्हणून काही लपवणार नाही. शहाणी आहे.

मी रागावलो का? पहिल्यांदा रागावलो. एवढी वर्षं शनिवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहून तुझ्याशी बोलायचो, गाढवा, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. मग लाज वाटली. खोका मी उघडला. बॅजर मी ओळखला. ब्रश उकळू नको हेही मीच लिहिलं. तू उकळला असतास तर कदाचित हे काहीच झालं नसतं. तुझ्या मानेइतकीच माझी पैजही त्या पोराच्या गळ्यात रुतली आहे.

माझी खपली गळाली. खाली खड्डा राहिलाय. घरातला खोका आरोग्य खात्यानं नेला. बाकीच्या वाट्या फळीवर तशाच आहेत. हेस्टर म्हणते, त्यांत वाईट काही नाही, तपासल्या. पण मला आता त्यांच्याकडे बघवत नाही. झाकण उघडून वास घ्यायचो त्या वाट्या, आता हात लावायला नको वाटतं.

पोराचं काय झालं ते लिही. वाईट असलं तरी लिही. चांगलं करून लिहू नकोस.

विल्फ्रेड

*

वेस्ट्रे
१२ डिसेंबर

विल्फ्रेड,

चांगलं करून लिहीत नाही. आहे तेच लिहितो.

अर्लंड जगला. नळी काढली. आवाज घोगरा आला आहे आणि मान एका बाजूला ओढली गेली आहे, ती तशीच राहील म्हणतात. सापळे ओढायला कधी जाईल ते कुणी सांगत नाही. इंगाचा ठिपका काळा पडायच्या आत बसला. गालावर तिळाएवढा डाग आहे. तिघं काल बोटीनं परत आली. सगळं बेट धक्क्यावर होतं. मी मागे उभा होतो.

अर्लंड माझ्याजवळ आला. ओरडणं त्याला जमत नाही आता. त्यानं नुसता माझ्या दाढीला हात लावला, ओढून बघितली आणि हसला. मी काहीच केलं नाही. मान हलवली नाही, हसलोही नाही. मला हसू येईना.

रूबी माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मी असतो तर दगड मारला असता. पण आज सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली पाटी होती, खडू बांधलेला. वर तिच्या अक्षरात रंगानं लिहिलंय, कायमचं, पावसानं जाऊ नये म्हणून:

"या माणसाला ऐकू येत नाही. मान हलवली तरी नाही. लिहून दाखवा."

मी ती काढलेली नाही. दुपारपर्यंत पोस्टमन, दूधवाला आणि पाद्री येऊन गेले. तिघांनीही वाचली आणि तिघांनीही खडू उचलला.

सिगर्ड